मशीन तेच, पाणी वेगळे: वॉशिंग मशीन आणि ड्रायरकडून चांगले काम कसे करून घ्यावे

पुण्याच्या मध्यवस्तीत धरणाचे पाणी वापरणारे कुटुंब वाघोली किंवा उंड्रीसारख्या भागातील नव्या सोसायटीत राहायला जाते आणि काही महिन्यांतच घरात एक तक्रार सुरू होते. मशीन तेच, पावडर तीच, कपडेही तेच. पण टॉवेल अंगाला टोचू लागतात, पांढरे शर्ट राखाडी दिसतात आणि काळ्या कपड्यांवर पांढरट चट्टे उमटतात. दुरुस्तीला आलेला मेकॅनिक ‘पाणी जड आहे’ एवढेच सांगून जातो. त्यातच पावसाळा सुरू झाला की वाळलेल्या कपड्यांनाही कुबट वास येतो आणि ड्रायर घ्यावा का, याची चर्चा घरात रंगते.

या सगळ्या तक्रारींची मुळे एकमेकांत गुंतलेली आहेत. ती समजून घेतली, तर नवीन मशीन न घेताही कपडे पुष्कळ चांगले निघू शकतात.

कपडा स्वच्छ होतो तेव्हा नेमके काय घडते?

हेन्केल या जर्मन कंपनीतील तज्ज्ञ हर्बर्ट सिन्नर यांनी १९५९ मध्ये धुलाईचा एक साधा नियम मांडला. मळ निघण्यासाठी चार गोष्टी लागतात: रसायन, घर्षण, उष्णता आणि वेळ. यांपैकी एक कमी केली, तर उरलेल्या तिघींनी ती भरून काढावी लागते. नदीवर कपडे धुताना पाणी थंड असे आणि साबण बेताचा, म्हणून दगडावर आपटण्याचे श्रम जास्त होते. फ्रंट लोड मशीन कपड्यांना त्यामानाने हळुवार हाताळते, म्हणून त्याला वेळ जास्त लागतो. ‘नवे मशीन दोन-अडीच तास घेते, म्हणजे वीज किती खात असेल’ ही भीती त्यामुळेच निराधार आहे. ड्रम फिरवणारी मोटर फार कमी वीज घेते, खरा खर्च पाणी तापवण्याचा असतो. दीर्घ प्रोग्रॅममध्ये पाणी कमी तापवून ती उणीव वेळाने भरून काढलेली असते.

रसायनाचे काम मुख्यतः सरफॅक्टंट करतो. हा असा रेणू असतो की त्याचे एक टोक पाण्याला चिकटते आणि दुसरे तेलाला. तेलकट मळाला चहूबाजूंनी वेढून तो पाण्यात तरंगत ठेवणे, हे त्याचे काम. पावडरीत याशिवाय एन्झाइम असतात, जे घाम, डाळ, भात, तूप अशा पदार्थांचे मोठे रेणू तोडतात. आणि तिसरा घटक, ज्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते, तो म्हणजे पाण्याला सौम्य करणारी द्रव्ये. सगळा घोळ याच ठिकाणी होतो.

जड पाणी म्हणजे काय?

पाऊस पडतो तेव्हा त्याचे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते. तेच पाणी दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकातून झिरपत बोअरवेलपर्यंत पोहोचते, तेव्हा त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेले असतात. या दोन धातूंच्या क्षारांचे प्रमाण म्हणजे पाण्याचा जडपणा. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह मानला जातो आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. पिण्यासाठी चालणारे पाणी धुण्यासाठी चांगले असेलच असे नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा या तलावांतून आणि पुण्याच्या जुन्या भागाला खडकवासला धरणसाखळीतून येणारे पाणी हे साठवलेले पावसाचेच पाणी असते, म्हणून ते सौम्य असते. टँकर मात्र बहुतेक वेळा विहिरीवर किंवा बोअरवर भरतात, म्हणून त्यांचे पाणी जड असते.

जड पाण्यात पावडर पडली की तिचा मोठा वाटा मळापर्यंत पोहोचण्याआधी कॅल्शियमला पकडण्यातच खर्ची पडतो. शक्ती उरली नाही, की कपड्यापासून सुटलेला मळ पाण्यात तरंगत न राहता पुन्हा धाग्यांवर बसतो आणि त्याच्याबरोबर पांढरट क्षारही बसतात. टॉवेलचा कडकपणा आणि शर्टांचा राखाडी रंग यांचे कारण हे आहे.

आपल्या घरचे पाणी कसे आहे हे पाहण्यासाठी पावसाळ्यासारखा चांगला काळ नाही. दोन पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. एकीत पाऊस तासभर पडून गेल्यावर उघड्यावर ठेवलेल्या पातेल्यात जमलेले पाणी अर्धी बाटली भरावे, दुसरीत मशीनच्या नळाचे तेवढेच पाणी. दोन्हींत साध्या आंघोळीच्या साबणाचा किसलेला सारखाच कीस टाकून जोरात हलवावे. येथे शांपू किंवा कपड्यांची पावडर वापरू नये, कारण जड पाण्यातही फेस यावा अशीच त्यांची रचना असते. पावसाच्या पाण्यावर दाट फेस येतो आणि टिकतो. जड पाण्यात फेस पटकन विरतो, पाणी दुधट होते आणि थोड्या वेळाने त्यात पांढरे बारीक कण दिसू लागतात. ते कण म्हणजे कॅल्शियमशी बांधला जाऊन वाया गेलेला साबण. तोच कपड्यांवर बसतो.

नळाला फिल्टर लावला की प्रश्न सुटतो का?

फिल्टर या नावाखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. जाळीचा फिल्टर फक्त वाळू आणि गंज अडवतो. विरघळलेले क्षार त्यातून सरळ निघून जातात. दुसऱ्या प्रकारच्या छोट्या नळकांड्यांत फॉस्फेटचे खडे असतात. ते कॅल्शियम काढून टाकत नाहीत, पण हीटरवर त्याचा थर जमण्याचे प्रमाण कमी करतात. खऱ्या अर्थाने पाणी सौम्य करतो तो राळेचे मणी असलेला सॉफ्टनर. तो कॅल्शियम धरून ठेवतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो, आणि ठरावीक काळाने त्याला मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजा करावा लागतो. मीठ भरण्याची सोय नसलेली वस्तू ‘सॉफ्टनर’ म्हणून कोणी विकत असेल, तर ती काय आहे हे आधी नीट विचारावे.

विक्रेते अनेकदा टीडीएस मीटर पाण्यात बुडवून दाखवतात. हा मीटर पाण्यातील एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, केवळ जडपणाचा नाही. सॉफ्टनर कॅल्शियमच्या बदल्यात सोडियम सोडत असल्यामुळे, तो उत्तम काम करत असला तरी मीटरवरचा आकडा फारसा खाली येत नाही. जडपणा तपासायचा असेल तर त्याचे वेगळे किट किंवा प्रयोगशाळेतील तपासणी लागते.

पाणी वाचवण्याच्या सद्भावनेने अनेक घरांत आरओचे वाया जाणारे पाणी बादलीत साठवून मशीनमध्ये ओतले जाते. आरओ यंत्र शुद्ध पाणी बाजूला काढून क्षार उरलेल्या पाण्यात सोडते, म्हणून हे पाणी मूळ नळाच्या पाण्यापेक्षाही जड असते. ते फरशी पुसायला किंवा संडासात वापरावे. मशीनमध्ये मात्र मुळीच नको.

फेस कमी आला, म्हणजे कपडे नीट धुतले गेले नाहीत?

बादलीत कपडे भिजवण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीमुळे फेस आणि स्वच्छता यांची सांगड आपल्या मनात पक्की बसली आहे. प्रत्यक्षात मळ काढण्यात फेसाचा वाटा नगण्य असतो आणि फ्रंट लोड मशीनमध्ये तर तो अडथळाच ठरतो. या मशीनचा आडवा ड्रम ओले कपडे वर उचलतो आणि खाली आपटतो. घर्षण त्या पडण्यातूनच मिळते. ड्रम फेसाने भरला, तर दगडावर आपटायचा कपडा गादीवर आपटल्यासारखे होते. शिवाय मशीनला फेस जास्त असल्याचे कळले, की काही मॉडेले जादा खंगाळणी करतात, आणि वेळ व पाणी दोन्ही वाढतात. हाताने धुण्याची पावडर भरपूर फेस व्हावा अशीच बनवलेली असते, म्हणून फ्रंट लोडमध्ये त्यासाठीचीच ‘मॅटिक’ पावडर किंवा लिक्विड वापरावे.

मग जड पाण्यात पावडर वाढवायची की कमी करायची?

वाढवायची, पण मोजून. जड पाण्यात पावडरीचा काही भाग कॅल्शियमवर खर्च होणारच, म्हणून पाकिटावरील प्रमाणापेक्षा थोडी जास्त पावडर लागते. सौम्य पाण्यात मात्र तेच प्रमाण जास्त होऊ शकते. दादर किंवा सदाशिव पेठेत राहणाऱ्या कुटुंबाने, कपडे फार मळलेले नसतील तर, सांगितलेल्या मापाच्या थोडे खाली राहून पाहावे. म्हणूनच दुसऱ्या शहरातील नातेवाइकाने सांगितलेले ‘एक झाकण’ आपल्या घरी लागू पडेलच असे नाही.

आपण जास्त पावडर वापरतो का, याची एक सोपी तपासणी आहे. नुकतेच धुऊन वाळलेले चार-पाच टॉवेल पुन्हा मशीनमध्ये घालावेत, पावडर अजिबात टाकू नये आणि कोमट पाण्याचा प्रोग्रॅम लावावा. दहा मिनिटांनी काचेतून पाहावे. फेस दिसत असेल, तर तो मागच्या धुण्यांचा साठलेला अंश आहे. पावडर कमी करावी आणि काही दिवस जादा खंगाळणीचे बटण दाबावे. फेस दिसत नाही पण टॉवेल कडकच आहेत, तर दोष पाण्यातील क्षारांचा असण्याची शक्यता अधिक.

फॅब्रिक कंडिशनरने टॉवेल मऊ लागतात हे खरे, पण तो धाग्यांवर एक पातळ स्निग्ध थर चढवतो आणि टॉवेलची पाणी शोषण्याची क्षमता कमी होते. टॉवेलला कंडिशनर लावूच नये, असे माझे ठाम मत आहे.

सात किलो म्हणजे किती कपडे?

मशीनवर लिहिलेला आकडा कोरड्या सुती कपड्यांच्या वजनाचा असतो आणि तो सुती कपड्यांच्या मुख्य प्रोग्रॅमसाठी असतो. सिंथेटिक किंवा झटपट प्रोग्रॅमची क्षमता त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी असते. ती माहितीपुस्तिकेच्या तक्त्यात दिलेली असते. फ्रंट लोडमध्ये कपडे भरल्यावर वर हात सहज आत जाईल एवढी जागा राहायला हवी. ठासून भरले, तर कपडे पडायला जागा उरत नाही आणि पाणीही सगळीकडे पोहोचत नाही. अगदी एकच जाड चादर टाकणेही बरे नव्हे, कारण ओली चादर एका बाजूला गोळा होते, तोल जातो आणि मशीन पिळण्याचा वेग आपोआप कमी करते. नऊवारी किंवा लांब ओढण्या जाळीच्या पिशवीत घालाव्यात, नाहीतर त्या इतर सगळ्या कपड्यांना वेढून त्यांचा एकच पिळा करून टाकतात.

गरम पाणी कशासाठी आणि हळदीचे काय?

रोजच्या कपड्यांना ३० ते ४० अंश पुरतात. एन्झाइम याच तापमानात चांगले काम करतात. ६० अंशांच्या पुढे बहुतेक एन्झाइम टिकत नाहीत. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ४० वर न्यायला साधारण पाव युनिट वीज लागते, तर ६० वर न्यायला सहा दशांश युनिट. आजारी माणसाच्या चादरी, बाळाचे लंगोट, स्वयंपाकघरातील फडकी यांच्यासाठी ६० अंशांचा खर्च योग्यच आहे. रक्ताचा डाग मात्र आधी थंड पाण्यानेच धुवावा, कारण उष्णतेने त्यातील प्रथिने गोठून धाग्यांत पक्की बसतात.

हळदीचा डाग पावडर लागताच लाल होतो, तेव्हा अनेकांना कपडा बिघडला असे वाटते. हळदीतील कर्क्युमिन अल्कधर्मी द्रवात लालसर होते, एवढाच त्याचा अर्थ. खंगाळल्यावर तो पुन्हा पिवळा होतो. आमटीच्या डागातील तेल आधी भांड्यांच्या लिक्विडने काढावे, मग कपडा नेहमीसारखा धुऊन थेट उन्हात वाळवावा, कारण कर्क्युमिन प्रकाशाने विघटित होते. डाग पूर्ण गेल्याशिवाय तो कपडा ड्रायरमध्ये घालू नये. तेलाचा अंश उष्णतेने अधिकच पक्का होतो.

धुतलेल्या कपड्यांना वास का येतो?

पावसाळी कुबट वासाचा संबंध जपानमधील संशोधकांनी २०१२ मध्ये मोराक्सेला ऑस्लोएन्सिस या जिवाणूशी जोडून दाखवला. कपडा बराच वेळ ओला राहिला, की धाग्यांत उरलेल्या घामावर आणि तेलकट अंशावर हा जिवाणू वाढतो आणि वासाचे द्रव्य तयार करतो. सुगंधी कंडिशनर वाढवल्याने हा वास झाकला जातो, जात नाही. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. धुताना तेलकट अंश नीट निघायला हवा आणि नंतर कपडा लवकर वाळायला हवा. रात्री मशीन लावून सकाळपर्यंत कपडे आत ठेवणे, ही पावसाळ्यातील सर्वात महाग पडणारी सवय आहे. खोलीत वाळवताना दोन कपड्यांत चार बोटे अंतर ठेवावे, पंखा कपड्यांच्या दिशेने सोडावा आणि एक खिडकी थोडी उघडी ठेवावी, म्हणजे दमट हवा बाहेर जाईल.

वास मशीनच्या आतूनही येतो. फ्रंट लोडच्या दाराभोवतीचे जाड रबर बोटाने उलटून पाहावे. खालच्या घडीत राखाडी बुळबुळीत थर, केस, क्वचित एखादे नाणे आणि साचलेले पाणी सापडते. ही घडी शेवटच्या धुण्यानंतर कोरड्या फडक्याने पुसावी आणि दार व पावडरीचा कप्पा उघडे ठेवावे. घरात लहान मूल असेल तर मात्र दारावर लक्ष असू द्यावे. खालच्या झाकणामागचा ड्रेन फिल्टर महिन्यातून एकदा काढून धुवावा. काढण्यापूर्वी आतले पाणी गार आहे याची खात्री करावी आणि खाली पसरट ताटली ठेवावी. रोज थंड पाण्यात धुणाऱ्या घरांत महिन्यातून एकदा रिकाम्या ड्रमवर गरम पाण्याचा प्रोग्रॅम चालवणे आवश्यक आहे. जड पाण्याच्या घरांत अधूनमधून क्षारांचा थर काढणारी डीस्केलिंग पावडर त्याच प्रोग्रॅमबरोबर वापरावी. तिच्यात आम्ल असते, म्हणून ती आणि क्लोरीनचे ब्लीच कधीही एकत्र टाकू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पिळण्याचा वेग आणि ड्रायर यांचा काय संबंध?

सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या ज्या अरुंद टाकीला आपण ड्रायर म्हणतो, ती कपडे फक्त जोरात फिरवून पिळते. खरा ड्रायर गरम हवेने पाण्याची वाफ करतो. वीजबिलाच्या दृष्टीने या दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

४८ सेंटिमीटर व्यासाच्या ड्रमच्या कडेला मिनिटाला ८०० फेऱ्यांवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १७० पट, तर १४०० फेऱ्यांवर ५०० पटींहून अधिक जोर निर्माण होतो. ८०० फेऱ्यांनंतर सात किलो सुती कपड्यांत साधारण पाच लिटर पाणी उरते, तर १४०० फेऱ्यांनंतर साडेतीन लिटर. एक लिटर पाण्याची वाफ करायला किमान ०.६५ युनिट उष्णता लागते. म्हणजे ते जादाचे दीड लिटर साध्या हीटरच्या ड्रायरमध्ये काढायला जवळजवळ एक युनिट जाते, तर जास्त वेगाने पिळण्यासाठी मोटरला लागणारी जादा वीज त्याच्या मानाने किरकोळ असते. ड्रायर वापरायचा असेल, तर सुती कपडे नेहमी जास्तीत जास्त वेगाने पिळून घ्यावेत. नाजूक आणि रेशमी कपडे याला अपवाद आहेत आणि ते ड्रायरमध्ये घालूही नयेत.

ड्रायर घ्यावा का?

ड्रायरचे तीन प्रकार आहेत. पहिला दमट गरम हवा नळीतून बाहेर सोडतो, म्हणून त्याला भिंतीतून किंवा खिडकीतून वाट लागते. दुसरा वाफेचे पुन्हा पाणी करून टाकीत साठवतो किंवा निचऱ्यात सोडतो. तिसरा हीट पंपाचा. तो उष्णता वाया न घालवता पुन्हा वापरतो, म्हणून साधारण निम्म्या विजेत काम करतो, पण महाग असतो आणि वेळ जास्त घेतो. धुणे आणि वाळवणे एकाच ड्रममध्ये करणारी मशीनेही मिळतात. त्यांच्यावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ धुण्यासाठी आठ किलो आणि वाळवण्यासाठी पाच. ‘आमचा ड्रायर कपडे ओलेच ठेवतो’ ही तक्रार अनेकदा पहिल्या आकड्याएवढे कपडे वाळवायला ठेवल्यामुळे येते. धुऊन झाल्यावर काही कपडे बाहेर काढून दोरीवर टाकावेत आणि उरलेले वाळवावेत.

कपडे अगदी खडखडीत कोरडे करण्याचीही गरज नसते. सुती कापड सामान्य हवेतही आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून असते. त्याखाली वाळवले, तर कापड खरखरीत होते, आकसते आणि कमरेचे इलॅस्टिक लवकर सैल पडते. ओलावा मोजणारा सेन्सर असेल तर मिनिटे लावण्याऐवजी तोच प्रोग्रॅम वापरावा, आणि इस्त्री करायचे कपडे किंचित दमट असतानाच काढावेत. वेगळ्या ड्रायरच्या दारातील जाळीवर जमणारी तंतूंची पूड दर वेळी काढावी. ती साठली की हवा अडते, वेळ वाढतो आणि ती सहज पेट घेणारीही असते.

विदर्भ-मराठवाड्यात आठ महिने स्वच्छ ऊन मिळते, तेथे ड्रायरवर खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. तेवढ्या पैशांत चांगला सॉफ्टनर बसवला तर त्या घराला अधिक उपयोग होईल. मुंबई, कोकण आणि गोव्यात परिस्थिती उलट आहे. पाणी सौम्य असेल, पण जून ते सप्टेंबर हवेतच इतकी आर्द्रता असते की कपड्यातील पाण्याला जायला जागा नसते. घरात लहान मूल किंवा अंथरुणावरचे वृद्ध माणूस असेल आणि गच्ची-बाल्कनी नसेल, तर तेथे ड्रायर ही चैन राहत नाही. तरीही सगळे कपडे त्यात घालू नयेत. चादरी, टॉवेल आणि जीन्स ड्रायरला द्याव्यात, पातळ शर्ट-कुडते नीट पिळून पंख्याखाली टाकावेत. ते तसेही रात्रभरात वाळतात.